दीड दिवसाची नजर

लॉकरच्या कागदावर बँकेला अजूनही शाईची सही लागायची. त्यामुळे वृषाली घरत आली की खिडकीतल्या मुलीला ड्रॉवर धुंडाळून शाईचं पॅड काढावं लागे. पॅडवरची धूळ पुसता पुसता मुलगी हळूच बाईकडे बघून घ्यायची. चांगली सुती साडी, नाकावर चष्मा, खात्यात भरपूर पैसे, आणि सही येत नाही?

"काकू, नुसतं नाव लिहिलंत तरी चालेल."

"लिहिता येतं गं," वृषाली म्हणाली. "पण लिहायचं नाही." आणि तिने डावा अंगठा पॅडवर दाबला.

बारावी शिकलेली बाई, जिच्या हाताचं कौतुक सबंध पेण तालुक्याला होतं, ती अशी अंगठेबहाद्दर झाली होती. कारण एकच. तिच्या हातून निघणारी प्रत्येक रेष आधीच विकली गेली होती. किराण्याची चिठ्ठी, दारातली रांगोळी, सही, सगळ्या रेषा त्यात आल्या.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. आत्ता हात पुढे करा आणि बोटांवर एक कागद ठेवा, त्याची कड थरथरताना दिसेल. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. हात कुठे आहे ही बातमी स्नायू वर पाठवतात, वरून दुरुस्ती येते, ती पोचेपर्यंत हात जरासा सरकलेला असतो, मग पुन्हा दुरुस्ती. ही घासाघीस जन्मभर चालते आणि तिचाच हा कंप. तो धडधाकट माणसालाही असतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. आणि प्रत्येकाच्या कंपाची घडण निराळी असते.

कंपवाताचं निदान लवकर व्हावं म्हणून डॉक्टर मंडळींनी एक यंत्र बनवलं. रुग्णाने ओढलेली रेष त्याच्याखाली धरायची. प्रकाशाची बारीक तिरीप रंगाच्या थरावरून फिरे, केसाहून पातळ चढउतार मोजे आणि रेष ओढताना हात कसा हलत होता ते सांगे. यंत्राला नाव मिळालं कंपवाचक. डॉक्टरांना हवं ते मिळालंच, पण खरं घबाड मिळालं ते चित्रांच्या बाजाराला.

कारण तोवर यंत्रं वाट्टेल ते रंगवू लागली होती, खऱ्या रंगांनी आणि खऱ्या कापडावर. सुंदर चित्र पावाच्या लादीइतकं स्वस्त झालं आणि सुंदर असण्याला कुणी विचारेना. किंमत उरली ती एकाच गोष्टीला: ही रेष जिवंत हाताने ओढली आहे का, आणि कुणाच्या? कंपवाचक ते छातीठोकपणे सांगे. बघता बघता लोकांनी चित्र बघायचं सोडून दिलं आणि ते चित्राखालचा आकडा बघू लागले.

परदेशातल्या एका मराठी कुटुंबाने पेणहून नेलेला गणपती विसर्जन न करता काचेच्या कपाटात ठेवला होता. त्यांनी एकदा गंमत म्हणून तो यंत्राखाली धरला. सोंडेवर, भुवयांवर, पितांबराच्या काठावर नेहमीचा कंप. पण डोळ्याच्या बुबुळाशी आणि त्यातल्या पांढऱ्या ठिपक्याशी यंत्र गप्प झालं. तिथे कंपच नव्हता. यंत्राने ओढलेल्या रेषेतही मोटरचा ठेका उमटतो, इथे तोही नव्हता. तपासणाऱ्यांनी यंत्र बदलून पाहिलं, उत्तर तेच आलं.

शोध घेत माणसं घरतांच्या कारखान्यात आली. वृषालीला त्यात नवल वाटलं नाही. "डोळा काढताना श्वास सोडायचा नाही, एवढं नानांनी शिकवलंय," ती म्हणाली.

नाना म्हणजे तिचे सासरे. गणपतीचे डोळे काढण्याच्या कामाला पेणमध्ये आखणी म्हणतात, आणि आखणी सगळ्यात शेवटी होते. तोवर शाडूची माती असते, डोळे उघडले की तिथे कुणीतरी आपल्याकडे बघत असतं. नानांनी हे काम सुनेला शिकवलं आणि तिने लग्नापासून हजारो मूर्तींचे डोळे उघडले. त्या सगळ्या मूर्ती दीड दिवसाने, पाच दिवसांनी, दहा दिवसांनी पाण्यात गेल्या. जगात तिच्या हातचे डोळे उरले होते ते बोटांवर मोजण्याइतके. बाजाराला याहून गोड बातमी कोणती असणार?

चिरंतन निधी नावाच्या कंपनीने करार पुढे केला तेव्हा कारखान्याला घरघर लागली होती. शाडूच्या मूर्ती छापणारी यंत्रं आली होती, डोळ्यांसकट. वृषालीचा नवरा हरेश रोज सकाळी शेडमध्ये जायचा आणि कारागिरांच्या नजरा चुकवत फिरायचा. तीसेक कुटुंबांची चूल त्या शेडवर पेटत होती. निधी म्हणाला, मूर्ती तुमच्याकडूनच घेऊ, सगळ्यांना वर्षभर काम देऊ. वृषालीताईंनी वर्षाला ठरलेल्या तेवढ्याच मूर्तींची आखणी करायची. त्यापलीकडे हाताने एकही रेष काढायची नाही, काढलीच तर ती निधीच्या मालकीची. आणि कलाकृती नष्ट करता येणार नाही.

हे शेवटचं कलम हरेशने मोठ्याने वाचलं आणि दोघंही हसली. बाप्पाची मूर्ती कोण कशाला नष्ट करील? पेणच्या माणसाच्या डोक्यात विसर्जन आणि नाश या दोन गोष्टी शेजारी बसतच नाहीत. पाहुणा निघाला की आपण त्याला वेशीपर्यंत पोचवायला जातो, त्याला कुणी घात म्हणत नाही. निधीचे वकील म्हणत होते. वृषालीने सही केली. ती तिची शेवटची सही.

चूक कळली ती दिवाळीनंतर. घाटाखाली निधीचं एक भांडार होतं, तिथे तिला फोटोसाठी नेलं. थंड, कोरडी हवा आणि काचेच्या पेट्यांमध्ये रांगेने गणपती. त्यातल्या काहींच्या कपाळावर कुंकू होतं, एकाच्या सोंडेत वाळलेली दुर्वा अडकली होती. म्हणजे मालकांनी घरी नेला, प्राणप्रतिष्ठा केली, आरत्या म्हटल्या आणि मग परत आणून इथे ठेवला.

"यांना पोचवणार कधी?" तिने विचारलं.

"कुठे?" निधीच्या ईशानी कर्णिकने विचारलं. तिशीची, गोड बोलणारी मुलगी. तिला प्रश्न खरंच कळला नव्हता.

वृषाली त्या रांगेसमोर उभी राहिली आणि तिला लाज वाटली. प्रत्येकाला डोळे तिने दिले होते, आणि आता ते सगळे, तिच्याच हातचे, निघायची वेळ टळून गेलेल्या पाहुण्यासारखे तिच्याकडे बघत होते. घरी येऊन तिने हरेशला सांगितलं. तो म्हणाला, "शेडमध्ये यंदा सगळ्यांना बोनस दिला आपण." तेही खोटं नव्हतं.

चार वर्षं गेली. मुलीच्या हळदीला अंगणात चौक पुरायचा होता, तो नणंदेने पुरला. बोटांतून सुटलेली तांदळाची पिठीही निधीच्या हिशेबी रेषच होती, आणि आता प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्याला कंप वाचता येत होता. वृषाली हात पदराखाली घेऊन उभी राहिली. घरच्या गणपतीची आखणी दुसऱ्या कारखान्यातला कुणीतरी करून देई, आणि दरवर्षी चतुर्थीला कर्णिक येऊन दर्शन घेता घेता फोन मूर्तीच्या डोळ्यांजवळ धरून बघून जाई.

नानांना एव्हाना कंपवात जडला होता. जो हात तिला शिकवायचा तो आता मांडीवर सारखा उडत असे. त्या श्रावणात वृषाली ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसली होती, तेव्हा नाना म्हणाले, "यंदा घरच्या गनपतीचे डोले तू काढ."

"नाना, मना काढता येत नाय. तुमाला ठाव हाय."

"चार वरसं झाली. कोन परका मानूस बगतंय माज्याकडं पाटावरून. पुडच्या साली मी नसंन. तुज्या हातचे डोले मना एकदा बगतील, मंग पोचवा त्याला खाडीत, आन् मंग मना."

आतून हरेश बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. "नाना, एक रेष तिची सापडली तर करार संपला. तीस घरांचा विचार करा."

"मी पोराबालांचा विचार करून करूनच म्हातारा झालो," नाना म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

वृषालीने वाल सोलले, बिरडं केलं, जेवणं झाली. तिला एकाच वेळी नवऱ्याचा राग येत होता आणि तो बरोबर आहे हेही कळत होतं. असा राग कुठे ठेवायचा हे काही केल्या सुचत नाही.

नानांना भरवायचं काम तिचंच. चमच्यातली पेज सांडू नये म्हणून ती त्यांचा हात आपल्या हातात धरी आणि दोघं मिळून चमचा तोंडापर्यंत नेत. नानांना दुसऱ्याने भरवलेलं चालत नसे, हात आपलाच हवा असा हट्ट. एका सकाळी असा चमचा वर जात असताना तिचं लक्ष त्या दोन हातांकडे गेलं. चमचा कोण नेतंय? ती म्हणेल नाना, नाना म्हणतील ती. तिने पेज तशीच ठेवली आणि नानांच्या कानाशी जाऊन विचारलं, ब्रशही असाच धरायचा का. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले.

घरचा पाट नेहमीप्रमाणे आधीच शेडमध्ये गेला होता, त्यावर बसून मूर्ती घरी आली. डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत पांढरी माती. हरेशने विचारलं नाही. कळल्यासारखा तो दार लावून बाहेर जाऊन बसला.

तिने बारीक ब्रश नानांच्या बोटांत दिला आणि त्यांची मूठ आपल्या मुठीत घेतली. नानांचा कंप मोठा आणि संथ होता, सेकंदाला चार-पाच हेलकावे. तिने त्याला दाबून धरलं नाही, त्याच्यासोबत गेली. कड उमटली ती वाकडी. दुसरी जरा मोठी. बुबुळाशी आल्यावर सवयीने तिने श्वास धरला, आणि तिला जाणवलं की नानांनीही धरलाय. पांढरा ठिपका पडला.

एक डोळा थोरला, एक किंचित बाजूला बघणारा. कारखान्यात असा डोळा कुणी काढला असता तर नानांनी मूर्ती परत मातीत घातली असती.

"बगतोय," नाना म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात गालापर्यंत पोचत नव्हता.

चतुर्थीला कर्णिक आली. आधी मनापासून हात जोडले, पुढ्यात नाणं ठेवलं, मोदक खाल्ला. मग फोन काढून मूर्तीच्या डोळ्यांजवळ धरला आणि तशीच थांबली.

"हा कुणाचा हात आहे?"

"माजा," नाना म्हणाले.

फोनवर नानांचे रुंद हेलकावे दिसत होते. पण त्या हेलकाव्यांच्या आत, बुबुळाशी, एक जागा सपाट होती. कर्णिकने बाहेर जाऊन वरच्यांना फोन लावला. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. निधी करार मोडणार नाही, ती म्हणाली, उलट हे असं कधीच कुठे सापडलं नव्हतं, कंपाच्या आत निष्कंप. तिने हरेशला एक रक्कम सांगितली. त्या रकमेत कारखाना त्याच्या हयातीत पुन्हा कधी कुणाच्या तोंडाकडे बघणार नव्हता.

"फक्त उद्या ही मूर्ती हलवायची नाही. ताईंची रेष आहे, करारानुसार ती आमची."

त्या दिवशी घरात आरतीला आवाज लागला नाही. वृषाली हरेशकडे बघत नव्हती. त्याने हो म्हटलं असतं तर तिला त्याला दोष देता आला नसता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. कर्णिक दोन माणसं आणि एक लाकडी पेटी घेऊन आली होती. हरेशने रीतीप्रमाणे मूर्ती जागची हलवली; एकदा हलवली की पाहुणा निघाला. पेटीवाले पुढे झाले. तेव्हा खुर्चीतून नाना बोलले.

"बाय, हिची रेष तुमची. माजी कोनाची?"

कर्णिक थबकली. "तुमच्याशी आमचा करार नाही, नाना."

"मंग अर्दा डोला माजा. तुमचा अर्दा काढून घ्या. माजा मना पोचवायचा हाय."

कर्णिकने मूर्तीच्या डोळ्याकडे पाहिलं, मग फोन कानाला लावून अंगणात गेली. वकिलांना विचारत होती. वकील बहुधा आणखी कुणाला विचारत होते. एका डोळ्यातला अर्धा डोळा वेगळा कसा करायचा, हे कुठल्याच कलमात नसावं.

हरेशने डोक्यावर टोपी घातली. खाली वाकला, मूर्तीसकट पाट उचलून डोक्यावर घेतला आणि कुणाकडेही न बघता दाराबाहेर पडला. वृषालीने नानांची चाकांची खुर्ची ढकलली. अंगणात कर्णिक फोन कानाला लावून उभीच होती, तिने त्यांना अडवलं नाही. खाडीवर हरेश गळ्याएवढ्या पाण्यात गेला. ते वाकडे डोळे नानांकडे बघत बघत खाली गेले. शेजारीपाजारी चित्रण करत होते. वृषाली कित्येक वर्षांनी मोठ्याने रडली, आणि तिला फार बरं वाटलं.

पंधरवड्याने कर्णिक पेढ्यांचा पुडा घेऊन आली. वृषालीला वाटलं होतं आता नोटीस येणार. पण निधी नाराज नव्हता, निधी खूश होता. ती मूर्ती बुडतानाचं चित्रण जगभर लाखो लोकांनी पाहिलं होतं. असं काही पाण्यात जाऊ शकतं हे कळल्यावर भांडारातल्या उरलेल्या मूर्तींचे भाव दुपटीने वाढले होते.

"तर आता असं ठरलंय," कर्णिक म्हणाली, "दरवर्षी एक मूर्ती. तुम्ही दोघांनी डोळे काढायचे, आम्ही चित्रण करू, आणि विसर्जन. तुमच्या मनासारखंच झालं ना, ताई?"

हरेशने मोठा श्वास सोडला. तीस घरं वाचली होती. वृषालीने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. तिला वाटलं होतं दार उघडलं. उघडलं होतं खरं, पण ते आतल्याच खोलीत उघडत होतं. आता विसर्जनही त्यांचंच झालं होतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. नव्या कागदावर तिने अंगठा दिला नाही. निधीने होकारच धरला.

नाना त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या चतुर्थीला ते होते, जास्त वाकलेले, नजर अधू झालेली. अंगणात सकाळपासून कॅमेरे आणि दिवे लागले होते. कर्णिक छान साडी नेसून आली आणि माजघरात शिरली.

पाटावर तांदळाची रास होती. राशीवर एक सुपारी, तिला गंध, अक्षता, दुर्वा. बाजूला मोदकांचं ताट.

"मूर्ती कुठे आहे?"

"हाच गणपती," वृषाली म्हणाली. "मूर्ती नसेल तेव्हा सुपारीच पुजतात. घरी मूर्ती आणलीच पाहिजे असं करारात नाही. मी वाचलाय आता."

कर्णिकने नकळत फोन पुढे धरला. 'रेषा आढळली नाही,' फोन म्हणाला. मग बाहेर जाऊन तिने दिवे बंद करायला सांगितले. वर्षाच्या ठरलेल्या मूर्ती वृषाली आखणारच होती, त्यामुळे कारखाना आणि करार आपापल्या जागी होते. तिने वाचवला होता तो एवढा एक पाट. तिला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

नाना खुर्चीतून पुढे वाकून पाटाकडे निरखून बघत होते. त्यांना इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं.

"डोले कुठं हायेत?"

"डोले नायत, नाना. सुपारी हाय."

नाना पाटाकडे आणखी वाकले. मांडीवर हात उडत राहिला.

"मंग मना बगनार कोन?"

निधीला चुकवायच्या नादात वृषालीने म्हाताऱ्याच्या वाट्याची नजरही काढून घेतली होती, आणि हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती खाली बसली, नानांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"मी बगतंय," ती म्हणाली. श्वास धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली, जितका वेळ धरवला तितका वेळ. नानांनी मान हलवली. ती समाधानाने हलवली की नुसतीच हलली, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर दीड दिवसाच्या गणपतींची गर्दी होती. छापलेल्या मूर्ती, सारख्या डोळ्यांच्या, एकामागून एक पाण्यात जात होत्या आणि लोक खऱ्या मनाने निरोप देत होते. वृषालीच्या मुठीत काय आहे ते कुणाला दिसलं नाही. तिने पाण्यात हात घालून मूठ उघडली. सुपारी दिसेनाशी झाली.

सोमवारी निधीची गाडी तिला ठरलेल्या मूर्तींच्या आखणीसाठी न्यायला येणार होती.